हिला कुणी शिकवलं असं बोलायला?



दीड महिना झाला, इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी टीव्ही, मोबाईल, कॉम्प्युटर सगळ्यालाच बंदी घातली. पुण्याहून नात आली होती. ती डोळ्यांत थेंब घालायची आणि संध्याकाळी काहीबाही वाचून दाखवायची. ज्यांनी फोन करून चौकशी केली त्या सगळ्यांचे आभार. आता डोळा स्वच्छ आहे आणि डोक्यात बरंच साठलं आहे. त्यातलं एक आज उतरवून काढते.

निमित्त झालं संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. बायका जमल्या की वाण लुटायच्या आधी गप्पा होणारच. विषय निघाला दीपिका पदुकोणचा. बाळ लहान आहे, दिवसाला आठ तासच काम करीन, असं ती म्हणाली आणि त्यावरून मोठे चित्रपट तिच्या हातून गेले, अशा बातम्या २०२५ साली आल्या होत्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "कोट्यवधी मोजून घेतात आणि वर नखरे!" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिळगूळ घेऊन घरी आले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एकदम आमची आत्या आठवली. आत्यामागोमाग शांता आपटे आठवली. मग काही झोप लागेना.

आता आत्याचा आणि शांता आपटेचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तेच सांगते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, १९४० च्या आसपास. नवरा बेचाळीस वर्षांचा, बिजवर, घरात आत्याच्याच वयाची सावत्र मुलगी. आजोबांवर कर्ज होतं, पदरात आणखी तीन मुली होत्या. जमीन बघितली, वाडा बघितला आणि दिली. आत्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिशीच्या आत विधवा झाली. सावत्र मुलांचं सगळं केलं, शेत राखलं, आणि म्हातारपणी आमच्याकडे गेवराईला येऊन राहिली. तक्रार म्हणून एक शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आमच्या घरात त्याचं कौतुकच होतं.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. एकदा दूरदर्शनवर 'कुंकू' लागला. घरात सगळे बसले होते, आत्या भिंतीला टेकून वाती वळत होती. पडद्यावर नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला ठणकावून सांगते की हे लग्न मला मान्य नाही. आत्याचे हात थांबले. शेवटपर्यंत ती हलली नाही. सिनेमा संपला, बातम्या लागल्या, तेव्हा तिने मला विचारलं, "हिला कुणी शिकवलं गं असं बोलायला?"

मी त्या वेळी मराठी शिकवणारी बाई! बीडच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. केलेलं, वर्गात चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी. मला उत्तर देता आलं नाही. "सिनेमा आहे तो आत्या, लेखकाने लिहिलेलं बोलते ती," असं काहीतरी म्हणाले. आत्या "असेल बाई" म्हणाली आणि पुन्हा वातीला लागली.

ते उत्तर अर्धंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. नीरेचं बोलणं लेखकाने लिहिलेलं होतं हे खरं. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो चित्रपट घेतलेला. पण ते बोलणारी जी बाई होती, ती दोनच वर्षांनी स्वतःच्या आयुष्यात तसंच बोलली. आणि तेव्हा तिला लिहून द्यायला कुणी लेखक नव्हता.

शांता आपटेचा जन्म दुधनीचा, साल १९१६. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातलं रेल्वे स्टेशन, सोलापूरकडून वाडीला जाताना लागतं. आमच्या गेवराईवरून जो धुळे-सोलापूर रस्ता जातो, तो धरून सोलापूरला गेलं की तिथून फार लांब नाही. मराठी आणि कानडी जिथे एकमेकींत मिसळतात असा तो मुलूख, पलीकडे निजामाची हद्द. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. पंढरपूरला तिने गाण्याचं शिक्षण घेतलं, पुण्याच्या गणेशोत्सवात गाऊ लागली, आणि १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये राधा झाली. कृष्ण होते नगरचे शाहू मोडक. मुंबईत तो चित्रपट पंचवीस आठवड्यांवर चालला.

मग ती 'प्रभात'मध्ये गेली. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापूरहून नुकतीच पुण्याला आली होती. १९३४ चा 'अमृतमंथन', १९३६ चा 'अमरज्योती', १९३७ चा 'कुंकू', १९३८ चा 'गोपाळकृष्ण', अशी तिची तिथली कामगिरी.

इथे थोडं थांबून त्या काळी काम कसं चालायचं ते सांगते, कारण आजच्या मुलांना त्याची कल्पना येत नाही. बोलपट नवा होता. मराठी चित्रपट मराठी मुलखातच चालणार, मग खर्च निघायचा कसा? म्हणून प्रभात आपले बरेच बोलपट मराठीत आणि हिंदीत असे दोन्ही काढायची. आज दक्षिणेतले चित्रपट हिंदीत आवाज बदलून येतात तसं नव्हे. एकच प्रसंग आधी एका भाषेत, मग तोच दुसऱ्या भाषेत, पुन्हा उभं राहून करायचा. रडायचं तर दोनदा रडायचं. गाणं असेल तर स्वतःच्या गळ्याने गायचं, कारण पार्श्वगायन अजून रुळलं नव्हतं. म्हणजे ज्या नटीला उच्चार साधतात, गळा आहे आणि पुन्हा पुन्हा तेच करायची ताकद आहे, तीच टिकणार. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, तेव्हा नीरा मराठीतही हीच आणि हिंदीतही हीच. आणि त्यात तिने एक कविता चक्क इंग्रजीत गायली आहे, लाँगफेलोची 'अ साम ऑफ लाइफ'. मराठी चित्रपटात, नऊवारीतली मुलगी, इंग्रजी कविता गाते आणि ते उसनं वाटत नाही! यूट्यूबवर आहे, जरूर ऐका.

'कुंकू' ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नीरा अनाथ, मामाने पैसे घेऊन तिचं लग्न काकासाहेब या वयस्क वकिलाशी लावून दिलेलं. केशवराव दात्यांनी काकासाहेब फार समजून केले आहेत, ते राक्षस वाटत नाहीत. नीरा रडत बसत नाही. हे लग्नच मी मानत नाही, म्हणते, आणि त्यावर ठाम राहते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने झोडपून काढते. तिची बाजू घेणारी सावत्र मुलगी शकुंतला परांजपे यांनी केली आहे. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी पुढे खऱ्या आयुष्यात कुटुंबनियोजनाच्या कामासाठी गाजली. चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, आणि नीरा गाते ते ग्रामोफोनच्या तबकडीच्या साथीने. त्यामुळे तिचा शब्द न् शब्द कानावर आदळतो. शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते आणि ते स्वतःच वाटेतून दूर होतात. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. इकडे घराघरांतल्या मुलींनी तो पाहिला. सोलापुरात पाहिला असेल, पुण्यात पाहिला असेल. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, आत्याच्या गावापर्यंत तो काही आला नाही. आला असता तर काय झालं असतं, हा विचार मी बरेचदा करते. बहुधा काहीच झालं नसतं. पण निदान असं बोलता येतं एवढं तरी तिला पंधराव्या वर्षी कळलं असतं. ते कळायला तिची साठी उलटावी लागली.

आता १९३९. त्या वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. आमच्याकडे हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह होऊन गेला होता. उपोषण, सत्याग्रह हे शब्द हवेतच होते. पण ते राजकारणातले शब्द, पुरुषांचे शब्द. जुलै महिन्यात शांता आपटे प्रभात कंपनीच्या फाटकापाशी उपोषणाला बसली.

करार, पगार आणि काम यांवरून तिचा कंपनीशी वाद झाला होता. त्या काळी कलावंत महिन्याच्या पगारावर कंपनीचे नोकर असत, कारखान्यात असतात तसे. कराराने बांधलेला माणूस बाहेर काम करू शकत नसे. कंपनीची म्हणून काही बाजू असणारच, आणि प्रभातसारखी शिस्तीची, नावाजलेली कंपनी दुसरी नव्हती हेही खरं. माझं म्हणणं कंपनी वाईट होती असं नाहीच. माझं लक्ष जातं ते दुसरीकडे. बाईने नाही म्हणण्याचा इतका सुंदर चित्रपट ज्या कंपनीने काढला, त्याच कंपनीच्या दारात दोन वर्षांनी त्यातली नीरा उपाशी बसली! वर्तमानपत्रांनी आणि सिनेमाच्या मासिकांनी तो विषय चघळला. ज्या प्रेक्षकांनी नीरेसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्यातल्याच कितीतरी जणांना शांता आपटे तापट, भांडकुदळ, डोक्यात हवा गेलेली वाटू लागली.

मंडळी, मला जे म्हणायचं आहे ते हेच. पडद्यावर कुणी ठणकावून बोललं की आपल्याला आवडतं, आपण डोळे पुसतो. तीच बाई पडद्याबाहेर येऊन स्वतःच्या कामाचा, स्वतःच्या मोबदल्याचा शब्द काढते, तेव्हा आपण त्याला नखरे म्हणतो. १९३९ साली म्हणत होतो आणि परवाच्या संक्रांतीलाही म्हणालो.

उपोषणानंतर प्रभातशी तिचं नातं संपलं. पुढच्याच वर्षी, १९४० साली, तिचं पुस्तक आलं, 'जाऊ मी सिनेमात?' नाव बघा किती साधं आहे. सिनेमात जाऊ का, असं विचारणाऱ्या मुली तेव्हा घरोघर होत्या, त्यांच्यासाठी ते लिहिलेलं. पण त्यात नटीचे फोटो आणि गोड गोड आठवणी नाहीत. सिनेमा हा धंदा आहे, त्यात पैसा कुणाचा, घाम कुणाचा आणि दमतं कोण, याचा विचार त्यात आहे. नटीसुद्धा कामगार आहे आणि तिचंही शरीर थकतं, हे तिने लिहून ठेवलं. देबश्री मुखर्जी या अभ्यासिकेने 'बॉम्बे हसल' या २०२० सालच्या इंग्रजी पुस्तकात शांता आपटेच्या उपोषणाची आणि या पुस्तकाची मुद्दाम दखल घेतली आहे. ऑपरेशननंतर नातीने मला त्यातला काही भाग वाचून, मराठीत सांगून दाखवला. ऐकताना एकीकडे अभिमान वाटला आणि दुसरीकडे लाजही. मराठी साहित्य घेऊन मी बी.ए. केलं, सदतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि एका मराठी बाईच्या मराठी पुस्तकाची महती मला इंग्रजीतून कळावी!

आता तिच्या भाषांबद्दल. प्रभात सुटली तेव्हा लोकांना वाटलं असेल की संपली ही. पण १९४१ साली ती मद्रासकडे तमिळ 'सावित्री'त नायिका झाली. दिग्दर्शक वाय. व्ही. राव स्वतः सत्यवान, आणि नारदाच्या भूमिकेत कोण, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी! 'कल्की' साप्ताहिक सुरू करायला पैसे हवेत म्हणून एम. एस. यांनी तो पुरुषवेष पत्करला होता. त्यांच्यासमोर उभं राहून तमिळमध्ये बोलायचं आणि गायचं म्हणजे काय, हे गाणं कळणाऱ्यांना सांगायला नको. शांता आपटे रीतसर तमिळ शिकली, वर्षभर धडे घेतले असं सांगतात, आणि स्वतःच्या आवाजात ते काम केलं. दुधनीच्या स्टेशनमास्तरची मुलगी आणि मद्रासची सावित्री!

पुढे १९४२ साली ती लाहोरला पांचोलींच्या 'जमीनदार'मध्ये दिसते, त्याच वर्षी देवकी बोसांच्या 'अपना घर'मध्ये. १९४६ च्या 'सुभद्रा'मध्ये तिने कोवळ्या लता मंगेशकरांबरोबर गाणं गायलं. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई. मराठी, हिंदी, तमिळ, आणि एक गाणं इंग्रजीत. चरित्रकोशात हे सगळं "अनेक भाषांत चित्रपट केले" अशा एका ओळीत येतं, जणू हा हौसेचा मामला होता. मला तसं वाटत नाही. एका कंपनीचं दार बंद झालं तर दुसरं उघडता यावं, ही तिची सोय तिच्या भाषांनी केली. कुणी म्हणेल, गळा होता म्हणून जमलं. गळा तर होताच. पण तमिळ काही गळ्यातून आपोआप येत नाही, ते बसून घोकावं लागतं. मी वर्गातल्या मुलींना नेहमी सांगत असे की हिंदी-इंग्रजीचा कंटाळा करू नका, एक भाषा जास्त आली की एक मालक कमी लागतो. तेव्हा हे मला शांता आपटेवरून सुचलं नव्हतं, पण आज उदाहरण द्यायचं तर तिचंच देईन.

चाळीसचं दशक सरता सरता पार्श्वगायन पक्कं झालं. पडद्यावर एक चेहरा, पडद्यामागे दुसरा गळा. ज्या नटींचं मोल दोन्ही एकत्र असण्यात होतं त्यांची कामं कमी होत गेली. पन्नाशीच्या दशकात शांता आपटेही मागे पडली. दीर्घ आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ ला मुंबईत गेली, तेव्हा पन्नाशीसुद्धा झाली नव्हती.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहिते. शांता आपटे प्रसिद्ध होती म्हणून तिचं उपोषण गाजलं. साध्या नोकर बाईने असं केलं असतं तर रखवालदाराने हात धरून उठवलं असतं. अगदी खरं आहे. मी स्वतः त्याची साक्ष आहे.

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती, आज सांगते. सत्तरच्या दशकात मी पहिल्यांदा शाळेत लागले. खाजगी संस्था होती. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, त्यातले बरेचजण आता नाहीत. दर महिन्याला पगारपत्रकावर सही करायची एका आकड्यावर आणि हातात पडायचा दुसराच आकडा, निम्म्याहून थोडा जास्त. उरलेले कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच विचारत नव्हतं. आमच्यातल्या एका बाईंनी एकदा विचारलं. फार मोठ्याने नाही, सरळ विचारलं. पुढच्या महिन्यापासून त्या शाळेत दिसल्या नाहीत. स्टाफरूममध्ये आम्ही काय बोललो सांगू? "तिचा स्वभावच तसा, जरा भांडखोर." हे वाक्य म्हणणाऱ्यांत मी होते. घरात माझ्या पगाराची गरज होती, मुलं लहान होती, ही कारणं खरी आहेत. पण तिला भांडखोर म्हणायची काही गरज नव्हती. ते मी माझ्या भीतीला झाकायला म्हटलं. पाच वर्षं मी तशा सह्या केल्या, मग दुसरीकडे नोकरी मिळाली आणि सुटले.

म्हणून शांता आपटेचं फाटकापाशी बसणं मला तिच्या गाण्यांहून मोठं वाटतं. ती घाबरली नसेल असं नाही. पण तिला निदान लोक ओळखत होते, आणि ती ओळख तिने कामाची गोष्ट बोलायला वापरली. ज्याला परवडतं त्याने आधी बोलावं, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्या कानावर तो शब्द तरी पडतो. माझ्या त्या सहकारी बाईंना तर परवडतही नव्हतं, तरी त्या बोलल्या. त्यांचं मोल कोणत्या मापाने मोजायचं, मला कळत नाही.

गेवराईत राहून उचल आणि करार या गोष्टी परक्या वाटत नाहीत. दिवाळी झाली की माझ्या वर्गातले बाक रिकामे व्हायचे, मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल दोघांच्या अंगावर, पण ती नवऱ्याच्या हातात पडते. आजारपणात एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. या खाड्यांच्या धास्तीने आमच्या बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली, तेव्हा कुठे २०१९ साली सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या बायकांना कुणी नखरेवाल्या म्हणत नाही, कारण त्या काही मागतच नाहीत. आणि ज्या मागू शकतात त्यांना आपण हसून गप्प करतो. दोन्हीकडे बाईचं शरीर थकतं ही गोष्ट मात्र कुणी हिशेबात धरत नाही.

सिनेमातही फार पुढे गेलोत असं नाही. केरळमध्ये न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस तयार झाला आणि लोकांसमोर यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. त्यात काय होतं? छळाच्या गोष्टी तर होत्याच, पण त्याबरोबर साध्या साध्या गोष्टी होत्या. शूटिंगच्या जागी बायकांना संडास नाही, कपडे बदलायला जागा नाही, लेखी करार नाही. ज्या करारावरून शांता आपटे १९३९ साली भांडली, तो ऐंशी वर्षांनी कितीजणींच्या हातात कागदावरसुद्धा नव्हता. मग आठ तास काम मागणारी नटी कोट्यवधी घेते की लाख घेते, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तिला कोट्यवधी मिळतात म्हणूनच तिचं म्हणणं पेपरात छापून येतं. तिच्या मागे उभ्या असलेल्या केशभूषेच्या मुलीला, शिंपीणबाईंना, समूहनृत्यातल्या पोरींना आठ तास कुणी विचारलेत?

तेव्हा पुढच्या हळदीकुंकवाला असा विषय निघाला तर मी हसणार नाही, एवढं ठरवलं आहे. वाद घालीन असं म्हणत नाही, माझा स्वभाव तो नाही. पण शांता आपटेची गोष्ट सांगेन. वहिनींना गाण्याची आवड आहे, गाण्यापासून सुरुवात केली की ऐकतील.

आत्या जाऊन आता तीस वर्षं होऊन गेली. तिने विचारलं होतं, हिला कुणी शिकवलं असं बोलायला. आज ती समोर असती तर मी सांगितलं असतं की आत्या, हिला कुणी शिकवलं नाही. ती आधी लिहिलेलं बोलली, मग मनाचं बोलली, आणि शेवटी स्वतः लिहिलं, म्हणजे दुसरीला शिकता यावं. यावर आत्या काय म्हणाली असती मला माहीत नाही. कदाचित "असेल बाई" म्हणाली असती. पण वाती वळायच्या थांबवून म्हणाली असती, असं मला वाटतं.

असो. फार लांबलं. डोळ्याला ताण नको म्हणून नात आतून ओरडते आहे. तुमच्यापैकी कुणाच्या आईने, आजीने 'कुंकू' थिएटरात पाहिला असेल तर त्यांच्या आठवणी जरूर कळवा. आणि 'जाऊ मी सिनेमात?'ची जुनी प्रत कुणाच्या घरात, माळ्यावर, गावच्या वाचनालयात सापडली, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका. मला कळवा. गेवराईहून एसटीने येऊन घेऊन जाईन.